गड्ड्यावरचे विमान

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरी दरवर्षी एक खटला चालतो. माळ्यावरचे सामान खाली उतरते, आमची सौभाग्यवती पदर खोचून न्यायाधीशाच्या जागी बसते, सूनबाई सरकारी वकील होतात आणि मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. आरोप ठरलेला : निरुपयोगी वस्तूंचा साठा करणे. शिक्षाही ठरलेली : भंगारवाला.

यंदा पुराव्यादाखल पुढे आला तो बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. सूनबाईंनी झाकण उघडून एकेक जिन्नस वर्तमानपत्रावर मांडला. मेणबत्तीवर चालणारी पत्र्याची फटफट बोट, तळाला भोक पडलेली. आतला दाणा हरवल्यामुळे नुसतीच फुंक सोडणारी शिट्टी. कडेचा टवका उडालेले एक भिंग. बांगड्यांचे पाचसहा तुकडे. पोट आत गेलेली, एका हाताची कचकड्याची बाहुली. आणि सगळ्यांत खाली, जाड कागदात गुंडाळलेले दोन फोटो, एक जुना आणि एक नवा.

“बाबा, हे सगळं काय म्हणून ठेवायचं?” सूनबाईंनी विचारले.

“तो गड्डा आहे,” मी म्हणालो.

सूनबाई मूळच्या नाशिकच्या. दहा वर्षांत शेंगाचटणी आणि कडक भाकरी त्यांच्या अंगवळणी पडली आहे, गड्ड्यालाही त्या मुलांना घेऊन हौसेने जातात. पण गड्डा डब्यात भरून ठेवता येतो हे त्यांना नवीन होते. तेव्हा त्यांना जे सांगितले तेच इथे सांगतो.

ज्यांनी सोलापूर फक्त आगगाडीच्या खिडकीतून पाहिले आहे, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम, म्हणजेच सिद्धेश्वर, हे आमचे ग्रामदैवत. एका बाजूला भुईकोट किल्ला आणि तलावाच्या मधोमध सिद्धेश्वराचे देऊळ, हे सोलापूरचे सर्वांत देखणे दृश्य. एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी लग्न करण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली, अशी कथा आहे. तो विवाह सोलापूर दरवर्षी संक्रांतीला नव्याने लावते. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. १३ जानेवारीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, १४ ला सम्मती कट्ट्यावर अक्षता, १५ ला होम आणि १६ ला शोभेचे दारूकाम. पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांचा लोंढा रस्त्याने वाहत असतो. ही परंपरा सुमारे नऊशे वर्षांची मानतात.

आणि या सगळ्याच्या शेजारी, होम मैदानावर, भरतो तो गड्डा. देव मोठ्यांचा आणि गड्डा पोरांचा, अशी आमची लहानपणची वाटणी होती. आकाशपाळणे, मौत का कुआँ, हसवणारे आरसे, सर्कस, बांगड्यांची आणि खेळण्यांची दुकाने, लोखंडी तव्यांचे ढीग, आणि या सर्वांवर पसरलेला भज्यांच्या तेलाचा वास. सोलापूरच्या मुलाला वर्षाचे महिने अकराच असत. बारावा म्हणजे गड्डा.

आमचे वडील, म्हणजे नाना, गिरणीत कारकून होते. घरात चार भावंडे : दादा, ताई, मी आणि धाकटी बेबी. गिरणीच्या पगारात सहा माणसांचा गड्डा बसवायचा, हे काम अर्थमंत्र्याच्या अंदाजपत्रकाहून सोपे नव्हते. नानांनी त्यासाठी एक कायदा केला होता. गड्ड्याला निघताना प्रत्येक पोराच्या हातावर आठ आणे पडत. त्यातून काय घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी सुचवायचे नाही, कोणी हसायचे नाही. अट एकच : वस्तू पुढच्या संक्रांतीपर्यंत टिकली पाहिजे. पुढच्या वर्षी निघण्यापूर्वी नाना खुर्चीवर बसत आणि मागच्या वर्षीची वस्तू हजर करायला सांगत. जो दाखवील त्याला दोन आणे जास्त.

या दोन आण्यांपायी आम्ही किती विचार करीत असू! फुग्यांच्या दुकानापुढून आम्ही संन्याशासारखे निघून जात असू, कारण फुगा पुढची संक्रांत बघत नाही. मी फटफट बोटीच्या दुकानाला चार प्रदक्षिणा घालून मगच ती घेतली होती. दादाने भिंग घेतले, त्यात उन्हाने कागद जाळता येतो याची खात्री करून. ताई बांगड्या घेई आणि बिचारी दरवर्षी दोन आण्यांना मुकत असे. ज्यांचे काम संपले त्या वस्तू डब्यात जात. असा हा डबा भरला.

आईचा हिशेब आणखी वेगळा. ती गड्ड्यावरून झारा आणी, किसणी आणी, एखाद्या वर्षी तवा आणी. “हा बासष्टच्या गड्ड्यातला झारा,” असे ती पुढे वीस वर्षे पुऱ्या तळताना सांगत असे. आमच्या घराचा इतिहास तिच्या मांडणीवर टांगलेला होता. त्या वर्षी दादाला गोवर आला होता, ते किसणीवरून आठवायचे. आजी गेली, ते तव्यावरून.

आता त्या जुन्या फोटोबद्दल. तो १९६५ च्या गड्ड्यातला आहे. मी तेव्हा अकरा वर्षांचा, बेबी पाच. होम मैदानाच्या एका कडेला एक फोटोवाला बसला होता. तीन पायांवर लाकडी पेटी, पेटीला काळी बाही, आणि शेजारी पाण्याची बादली. त्याच्यामागे रंगवलेल्या ढगांचा पडदा आणि पडद्यापुढे लाकडी फळीचे, निळ्या रंगाचे विमान. विमानाला तीन भोके. मागच्या पाटावर चढून त्या भोकांतून तोंडे बाहेर काढली की माणूस आकाशात! सोलापूरहून खरे विमान नियमित कधी सुटणार याची चर्चा पुढे कित्येक वर्षे चालली. आमचे मात्र त्या संध्याकाळी सुटले.

फोटोवाल्याची विद्याही मोठी मौजेची. तो पेटीतल्या पेटीत कागदावर आधी उलटा फोटो काढी. त्यात काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. तो ओला कागद पेटीपुढे फळीला लावून त्याचाच पुन्हा फोटो घेई, की काळ्याचे काळे होऊन खरा फोटो हाती येई. मग बादलीत बुचकळून, झटकून गिऱ्हाइकाला देई. त्या उलट्या फोटोत आमची तोंडे कोळशासारखी आणि केस पांढरे शुभ्र झाले होते. “बघून ठेवा, म्हातारपणी असेच दिसाल,” नाना म्हणाले होते.

फोटोत पुढच्या भोकात दादा आहे, वैमानिक. मधल्यात ताई. शेवटच्यात मी, इतका हसतो आहे की डोळे मिटले आहेत. आणि फोटोच्या उजव्या कडेला, विमानाच्या शेपटीशी, एक चिमुकला हात आला आहे. मनगटात दोन बांगड्या आणि मुठीतून लोंबणाऱ्या चपला. तो हात बेबीचा. पाटावर चढताना आम्ही चपला काढल्या होत्या, त्या तिच्याकडे दिल्या होत्या.

हा फोटो आमच्या घरात फार लाडका होता. पाहुणा आला की निघायचा. “आणि हा कोणाचा हात?” असे पाहुण्याने विचारले की आम्ही एका सुरात सांगायचो, “विमानतळावरचा हमाल!” सगळे हसत. बेबीही हसे. वाटण्या झाल्या तेव्हा दादाने घर घेतले, ताईने आईची भांडी घेतली आणि मी हा डबा मागून घेतला. कोणीच हरकत घेतली नाही. मला वाटले, सगळ्यांत शहाणा मीच.

इथपर्यंतची हकीकत मी अनेकांना सांगितली आहे. पुढची आजवर सांगितली नव्हती, कारण ती मलाच गेल्या वर्षी कळली.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या मे महिन्यात, नातवंडांनी हट्ट धरला म्हणून आम्ही सारे एका मोठ्या थीम पार्कला गेलो. बेबी विजापूरला दिलेली. ती सुट्टीसाठी माहेरी आली होती, तिलाही घेतले. हा प्रकार आपल्याकडे तसा जुना नाही. अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ साली उघडले. मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ साली आले, आणि खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ साली. पण त्यांचा आजा गड्डाच आहे, असे माझे मत आहे. १८९३ साली शिकागोला जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनियराने २६४ फूट उंचीचा पाळणा उभारला होता. छत्तीस डबे आणि एकेका डब्यात साठ माणसांची सोय! आपल्या आकाशपाळण्याचाच हा थोरला भाऊ. त्याच प्रदर्शनात एक यंत्र होते. त्यात अमेरिकन पैसा घातला की तो लाटला जाऊन लांबट बाहेर पडे आणि त्यावर प्रदर्शनाचे नाव उमटे. म्हणजे गड्ड्याला जाऊन आल्याची खूण खिशात घालून घरी न्यावी, ही हौस तिकडच्या माणसालाही सुटलेली नाही.

अशा खुणेला इंग्रजीत ‘सुव्हेनीर’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ ‘आठवणे’. पण आमच्या आजीला फ्रेंच येत नसताना ती हेच करीत होती. पंढरपूरहून बुक्का आणि कुंकू, जेजुरीहून भंडारा, तुळजापूरहून कवड्यांची माळ. फरक एवढाच की आजी आणलेले आधी वाटायची. शेजारणींना पुडी, नातवांच्या कपाळाला बोट, आणि जे यात्रेला येऊ शकले नाहीत त्यांना जरा जास्त. हा फरक लहान नाही, हे मला त्या दिवशी समजले.

थीम पार्कमध्ये आम्ही उंचावरून पाण्यात घसरणाऱ्या एका होडीत बसलो. तिघे मोठे आणि तीन नातवंडे, एकापाठोपाठ एक. होडी खाली कोसळताना कुठूनतरी छायाचित्र निघते, हे मला माहीत नव्हते. बाहेर आलो तर पडद्यावर आमचीच तोंडे! मुले दोन्ही हात वर करून ओरडत होती, सौभाग्यवतीने माझा दंड धरला होता, माझा चष्मा कपाळावर गेला होता, आणि बेबी, पासष्टीला टेकलेली बेबी, तोंड उघडून हसत होती. खिडकीतल्या मुलीने छापील प्रतीची किंमत सांगितली.

माझ्यातले नाना जागे झाले. “काही नको,” मी म्हणालो, “एवढ्या पैशांत बाजारात पन्नास फोटो छापून मिळतील. मोबाईलमध्ये सकाळपासून दोनशे काढलेच आहेत.”

बेबीने तोवर पर्स उघडली होती. “भाऊ, मी देते. यात सगळे आहेत.”

तिने तो फोटो घेतला आणि एका बाकावर जाऊन बसली. मुले आईस्क्रीमच्या मागे गेली. मी जवळ बसलो, आणि काहीतरी बोलायचे म्हणून थट्टेने म्हणालो, “आता विमानतळावरच्या हमालाला नोकरी सोडायला हरकत नाही.”

ती हसली नाही. जरा वेळाने म्हणाली, “त्या दिवशी काय झालं होतं, तुला आठवतं का रे?”

“फोटो काढला की.”

“फोटोवाला म्हणाला, ‘तिघंच बसतेत वो, चौथं कुठं घालू?’ मग नाना म्हणाले, कुणीतरी एकानं उतरा, बेबीला बसू दे. दादा वैमानिक झाला होता. ताईनं नवा परकर घातला होता. नाना तुझ्याकडे बघत होते. आणि तू आरशांच्या तंबूकडे बघत होतास.”

मला ते आठवत नव्हते, असे लिहिण्याचा मोह होतो आहे. पण ते खरे नाही. ती बोलू लागली आणि आरशांचा तो तंबू मला लख्ख दिसला. त्यावर रंगवलेला जाडा माणूस आणि लुकडा माणूस, दोघेही दिसले. मी त्यांच्याकडे फार मन लावून बघत होतो. नानांनी दोनदा विचारले होते. दुसऱ्या फोटोचे पैसे त्यांच्याजवळ उरले नव्हते. मग त्यांनी बेबीला कचकड्याची बाहुली घेऊन दिली, आणि प्रश्न मिटला असे सर्वांनी धरले.

“बाहुली मिळाली होती ना तुला,” मी म्हणालो. एवढेच मला सुचले.

“मिळाली की. बाहुलीबद्दल नाही म्हणत मी.” मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “माझ्या नातीला शाळेत सांगितलं होतं, आजीचा लहानपणचा फोटो आणा. मी घरभर शोधला. मग लक्षात आलं, माझा एकही नाही. दादाचा मुंजीत आहे, ताईचा शाळेचा आहे. माझ्या वेळी नानांची गिरणीची नोकरी डळमळीत झाली होती. कोण फोटो काढतंय! लहानपणी मी दिसत कशी होते, हे मला माहीत नाही, भाऊ. तुझ्या डब्यातल्या फोटोत माझा हात आहे, तेवढाच.”

मुले आईस्क्रीम घेऊन आली आणि आम्ही उठलो.

वाचकहो, या सदरातून घरगुती गोष्टींबद्दल चार शब्द सांगायचे असा शिरस्ता आहे, आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर असल्यामुळे पुष्कळ घरांत कुठे जायचे याचे बेत चालू असतील. तेव्हा सहलीची आठवण कशी जपावी याबद्दल मला जे उशिरा कळले ते सांगतो. सगळे माझे नाही. बरेच नानांचे, आईचे आणि बेबीचे आहे.

पहिली गोष्ट, मुलांना दुकानात नेऊन “हे घे, ते घे” म्हणू नका. त्यांच्या हातात थोडे ठरलेले पैसे द्या, आणि नानांची अट घाला. वर्षभर टिकेल अशी एकच वस्तू. बाहेर पडण्याच्या वाटेवर जी झगमगती दुकाने असतात, त्यांतल्या निम्म्या वस्तू या एका प्रश्नापुढे टिकत नाहीत. आणि ज्या वस्तूसाठी मूल चार प्रदक्षिणा घालते, ती ते विसरत नाही. माझ्या बोटीला भोक पडून साठ वर्षे झाली. पण ती कोणत्या दुकानातून घेतली, दुकानदाराने मेणबत्ती कशी पेटवून दाखवली, हे मला अजून सांगता येते.

दुसरी, आईच्या झाऱ्याची. शोभेच्या कपाटात बसणाऱ्या वस्तूपेक्षा रोज हाताला लागणारी वस्तू घ्यावी. आमच्या सोलापूरला पाहुणा आला तर परत जाताना चादर घेऊन जातो. ती पाच-दहा वर्षे अंगावर असते आणि पांघरताना कधीतरी सोलापूर आठवते. काचेच्या पेटीतल्या ताजमहालाला हे भाग्य नाही.

तिसरी, लिहून ठेवण्याची. फोटोच्या मागे नावे, गाव आणि साल लिहा. मऊ शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. हल्ली पुष्कळ तिकिटे उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत कागदावर मिळतात. ती जपून ठेवाल तर दोनतीन उन्हाळ्यांत कोरा कागद हाती येईल. तेव्हा त्यांचा फोटो काढून ठेवा. चिकट पानांचे जे आल्बम एके काळी घरोघर आले, त्यांतला डिंक फोटोंना खातो. तुमच्याकडे असतील तर फोटो हलक्या हाताने सोडवून साध्या कागदी पाकिटांत ठेवा. आणि मोबाईलमधल्या दोनशेंपैकी चार तरी कागदावर उतरवा. दोनशे फोटो पाहायला कोणी बसत नाही; चार असले तर पाहुण्यापुढे ठेवता येतात.

चौथी गोष्ट मात्र सगळ्यांत महत्त्वाची. फोटो काढून झाला की मोजा. घरातली माणसे किती आणि फोटोतली किती? बहुतेक घरांत एक माणूस फोटोत कधीच नसते, कारण ते फोटो काढत असते, नाहीतर पिशव्या सांभाळत असते, नाहीतर तान्ह्याला घेऊन सावलीत बसलेले असते. बहुधा ती घरातली आई असते. मोबाईल एखाद्या परक्या माणसाच्या हाती द्या आणि तिला ओढून आणा. पिशव्या पडू देत खाली. आणि फोटोच्या प्रती सगळ्यांना वाटा. प्रसाद एकट्याने कपाटात ठेवला तर त्याला प्रसाद कोण म्हणेल? मी गड्डा साठ वर्षे डब्यात एकट्याजवळ ठेवला, आणि तो पुरता सांभाळला अशा समजुतीत राहिलो.

त्यानंतर आला यंदाचा, म्हणजे २०२५ चा, गड्डा. मी बेबीला पत्र लिहून बोलावले. फोनवर सांगता आले असते, पण लिहिले. ताईही आली. दादा आता नाही. त्याचा मुलगा पुण्याहून आला. १४ तारखेला आम्ही सम्मती कट्ट्याच्या बाजूला गर्दीत उभे राहून अक्षता टाकल्या आणि १६ ला संध्याकाळी, दारूकामाच्या आधी, होम मैदानावर गेलो. लाकडी विमान कधीच उडून गेले होते. पण एका फोटोवाल्याने कागदी फुलांनी सजवलेला झोपाळा मांडला होता, खाली लाल गालिचा, आणि पाटी : चपला बाहेर काढाव्यात.

झोपाळ्यावर जागा तिघांचीच.

फोटोवाला, विशीतला पोरगा, काही बोलायच्या आत मी वाकलो. बेबीच्या, ताईच्या आणि सौभाग्यवतीच्या चपला उचलल्या, माझ्याही काढून हातात घेतल्या आणि झोपाळ्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. बेबी मधे बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिला सगळे कळले.

“आजोबा, जरा मागं सरका की,” पोरगा म्हणाला, “चपला येतेत फोटोत.”

“येऊ दे रे,” बेबी म्हणाली. “त्यांना तसंच उभं राहू दे.”

त्याच्या चार प्रती काढल्या आणि तिथल्या तिथे वाटल्या. एक विजापूरला गेली. तो १९६५ चा फोटोही मी एका जाणकाराकडून मोठा करून घेतला आणि त्याची प्रत बेबीला दिली. मोठा केल्यावर त्या चिमुकल्या हाताची बोटे दिसतात. बोटे चपलांच्या पट्ट्यांभोवती अगदी घट्ट वळली आहेत. पाच वर्षांच्या मुलीने तीन जोड चपला एकीही न पाडता धरून ठेवल्या होत्या. त्या बोटांची थट्टा मी साठ वर्षे करीत आलो होतो.

हे सर्व सांगून होईपर्यंत सूनबाई वर्तमानपत्रापुढे बसून राहिल्या होत्या. न्यायाधीशही आवराआवर सोडून दारात येऊन उभे होते. सूनबाईंनी एकेक वस्तू पुसून डब्यात परत ठेवली, कचकड्याची बाहुली मात्र वेगळी काढली आणि म्हणाल्या, “ही बेबीआत्यांची ना? भाऊबीजेला देऊन टाका.” मला हे साठ वर्षांत सुचले नव्हते.

मग त्यांनी जानेवारीतला फोटो हातात घेतला, उलटा केला आणि मला ओरडल्या, “बाबा, दुसऱ्यांना उपदेश करता आणि याच्यामागं काहीच लिहिलेलं नाही!” त्या शिसपेन्सिल घेऊन आल्या. गाव, साल, डावीकडून तिघींची नावे लिहून झाली. पेन्सिल थांबली.

“आणि कडेला चपला घेऊन उभे आहेत, त्यांचं काय लिहू?”

“हमाल लिहा,” मी म्हणालो.